शेंड्यावरची टोपी

कोंब जेमतेम अर्धा इंच उंचीचे आणि सुतळीहून बारीक. त्यांच्या डोक्यावर नेमक्या बसतील अशा टोप्या करायच्या, त्याही कथलाच्या पातळ वर्खाच्या, म्हणजे हात स्थिर हवा आणि नजर शाबूत हवी. चार्ल्स डार्विन तेव्हा सत्तरीला टेकलेले, प्रकृती कायमची तोळामासा. जोडीला तिशी गाठलेला मुलगा फ्रान्सिस. त्यानं डॉक्टरीची पदवी घेतली होती, पण रोगी कधी तपासले नाहीत. १८७६ मध्ये बायको बाळंतपणात गेली तेव्हा तान्ह्या मुलासह तो वडिलांच्या घरी राहायला आला आणि त्यांचा लेखनिक, मदतनीस, प्रयोगातला भागीदार असं सगळंच झाला. घर लंडनच्या दक्षिणेला, केंट परगण्यातल्या डाऊन नावाच्या खेड्यात. विद्यापीठात असते तशी सुसज्ज प्रयोगशाळा तिथं नव्हती. अभ्यासिका, काचेचं हरितगृह, रॉकेलचा छोटा दिवा, लाख, काचेचे बारीक धागे, काळी शाई आणि कुंड्या, एवढ्या भांडवलावर बापलेकांचं काम चाले.

झाड उजेडाकडे वळतं हे सांगायला डार्विनची गरज नव्हती. खिडकीतली कुंडी अधूनमधून फिरवून ठेवावी लागते, हे कुंडीत तुळस लावणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. शास्त्रज्ञांकडे त्याचं उत्तरही तयार होतं. जिनिव्हाच्या ओग्युस्तँ पिराम द कांडोल यांनी १८३२ मध्ये ते देऊन ठेवलं होतं. उजेडात वाढ मंदावते, अंधारात झाड लांबतं. मग एकाच बाजूनं उजेड आला की सावलीकडची बाजू जास्त वाढणार आणि खोड उजेडाकडे झुकणार. कांद्याबटाट्याच्या टोपलीत तळाशी राहिलेल्या बटाट्याला फुटणारे लांबलचक पांढुरके मोड ज्यानं पाहिलेत त्याला हे पटायला वेळ लागत नाही. हिशेब इतका सरळ, की त्यात आणखी काही विचारायचं राहिलंय असं फारसं कुणाला वाटलं नाही.

खरं तर त्याही आधी एका प्रयोगानं इशारा दिला होता. पानं रात्री मिटतात हे निरीक्षण तर फारच जुनं. अलेक्झांडरच्या आरमारातल्या अँड्रोस्थेनीसनं पर्शियन आखातातल्या आजच्या बहारीन बेटावर दिवसा पानं उघडणारं आणि रात्री मिटणारं एक झाड पाहिल्याची नोंद आहे. ते चिंचेचं असावं असं अभ्यासक मानतात. रात्री झाडाला हात लावू नये, ते झोपलेलं असतं, असं आपल्याकडेही सांगतातच. १७२९ मध्ये ज्याँ-जाक दोर्तू द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूचं रोप अंधारात ठेवून पाहिलं. सूर्य दिसत नसतानाही पानं वेळच्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे झाड उजेडाच्या हातातलं निव्वळ बाहुलं नव्हतं. त्याच्या आतही काहीतरी चाललेलं होतं. द मेराँला त्याचं फारसं अप्रूप नसावं. पॅरिसच्या अकादमीला ही गोष्ट त्याच्या एका मित्रानं कळवली, म्हणून ती टिकली.

डार्विन मुळात वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. वेलाचा शेंडा आधार शोधताना हवेत गोल गोल फिरतो, हे त्यांनी पूर्वीच तपशिलानं मांडलं होतं. आता त्यांना दाखवायचं होतं की वेलच कशाला, प्रत्येक झाडाचा प्रत्येक वाढता भाग असाच घिरट्या घालत असतो आणि वनस्पतींच्या बाकी सगळ्या हालचाली याच घिरट्यांची बदललेली रूपं आहेत. त्यासाठी ते कोंबाला काचेचा केसासारखा धागा चिकटवत, त्याच्या टोकाला लाखेचा काळा ठिपका लावत, समोर काच उभी करून ठिपक्याची जागा तासातासाला तिच्यावर टिपत. मग ठिपके जोडले की कोंबानं दिवसभरात कुठे कुठे डोकं हलवलं याचा नकाशा तयार. असे नकाशे त्यांनी ढिगानं काढले. १८८० च्या नोव्हेंबरात या सगळ्या कामाचं पुस्तक लंडनच्या जॉन मरे यांच्याकडून निघालं तेव्हा ते सहाशे पानांच्या घरात गेलं होतं. घिरट्यांचा तो मोठा सिद्धांत आज कुणी फारसा सांगत नाही. टिकलं ते उजेडाबद्दलचं एक प्रकरण, आणि तेही टोप्यांमुळे.

कॅनरी पक्ष्यांना पिंजऱ्यात ज्या गवताचं बी खाऊ घालतात, त्याचे हे कोंब. गवताच्या कुळात, म्हणजे गहू, ज्वारी, ओट यांच्यातही, बी रुजलं की आधी एक पोकळ नळीसारखं म्यान वर येतं आणि पहिलं कोवळं पान त्याच्या आत सुरक्षित असतं. नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान्य उगवतं तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत मातीतून जी फिकट टोकं डोकावतात, ती हीच म्यानं. देवघरात उजेड कमी म्हणून ती पिवळी राहतात आणि भराभर लांबतात. आणि नंदादीप किंवा दार ज्या अंगाला असेल तिकडे सगळीच्या सगळी झुकलेली दिसतात.

डार्विन बापलेकांनी कोंब खिडकीशी ठेवले की ते उजेडाकडे वाकत. वाक बुडाशी येई. मग त्यांनी फक्त शेंडे झाकले. काहींवर कथलाच्या वर्खाच्या टोप्या, काहींवर काळ्या शाईनं रंगवलेल्या बारीक काचेच्या नळ्या. खालचा सगळा भाग उजेडात उघडा. तरीही ते कोंब सरळच्या सरळ उभे राहिले. टोपीच्या वजनानं तर ते अडले नाहीत ना? म्हणून काहींवर न रंगवलेल्या, पारदर्शक काचेच्या नळ्या चढवल्या. ते वाकले. मग उलट केलं. कोंब बारीक वाळूत मानेपर्यंत पुरले, फक्त शेंड्याचं टोक बाहेर. खालच्या भागाला उजेडाचा कवडसाही लागत नव्हता, तरी तो वाळूच्या आतच उजेडाच्या दिशेनं वाकला.

द कांडोल यांचा सरळ हिशेब इथं मोडला. उजेड लागतो शेंड्याला आणि वाकतं बूड. मधल्या अंतरातून काहीतरी खाली जातं. डार्विननी त्याला ‘प्रभाव’ एवढंच मोघम नाव दिलं. ते रसायन आहे, वीज आहे की आणखी काही, यावर त्यांनी दावा केला नाही, हा त्यांचा शहाणपणा. मात्र शेंडे किती संवेदनशील असतात याचे त्यांनी दिलेले दाखले चक्रावून टाकणारे आहेत. अंधाऱ्या खोलीत दिवा इतका लांब ठेवला की पांढऱ्या कागदासमोर उभी धरलेली पेन्सिल माणसाच्या डोळ्याला दिसेल अशी सावलीही पाडत नव्हती. काही तासांनी पाहिलं तर कोंब दिव्याच्या दिशेला झुकलेले.

पुस्तकाच्या शेवटी मात्र त्यांनी जर्मन पंडितांच्या हाती कोलीत दिलं. मुळाचं टोक स्पर्श, ओल, गुरुत्व यांची जाणीव घेतं आणि वरच्या भागांना हुकूम सोडतं, तेव्हा ते एखाद्या हीन प्राण्याच्या मेंदूसारखंच काम करतं असं म्हणायला हरकत नाही, असा त्या परिच्छेदाचा आशय होता.

वनस्पतींच्या शरीरक्रियांचं शास्त्र त्या काळी जर्मनीत होतं, आणि जर्मनीत ते व्युर्झबुर्गला, युलियुस साक्स यांच्या हाताखाली. मोजमाप कसं करावं, उपकरण कसं लावावं हे सगळ्या युरोपला साक्सनी शिकवलं. निळ्या आणि नारिंगी द्रावणांतून उजेड गाळून झाडांवर सोडला तर वाकवण्याचं काम निळा उजेड करतो, हे १८६४ मध्ये त्यांनीच दाखवलं होतं. फ्रान्सिस स्वतः त्यांच्याकडे जाऊन शिकून आला होता. या गुरूनं आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात बापलेकांचं नाव घेऊन त्यांची हजेरी घेतली: असल्या प्रयोगांना वर्षानुवर्षांचा सराव आणि विषयाचं ज्ञान लागतं, ते नसताना केलेले आणि चुकीचा अर्थ लावलेले हे प्रयोग आहेत. साक्स यांच्या एका सहायकानं मुळांच्या टोकांचे प्रयोग पुन्हा केले आणि डार्विन चुकले असा निर्वाळा दिला. व्हिएन्नाच्या युलियुस व्हीस्नर यांनी तर १८८१ मध्ये अख्खं पुस्तक डार्विनच्या खंडनासाठी लिहिलं, पण सौजन्य सोडलं नाही. या गृहस्थांनी आपल्याला अत्यंत सभ्यपणे जिवंतपणी फाडलंय, अशा अर्थाचं डार्विननी एका पत्रात लिहून ठेवलं आहे. पुढच्या वर्षी, १९ एप्रिल १८८२ रोजी ते गेले. वादाचा निकाल त्यांना कळला नाही.

साक्स यांचा राग समजण्यासारखा आहे. ज्या विषयाला त्यांनी अवजारं आणि शिस्त दिली, त्यात एक खेड्यातला म्हातारा घरच्या खिडकीत कुंड्या ठेवून निष्कर्ष काढतो आणि जग ते वाचतं. पण राग समजला म्हणून पुरावा बदलत नाही. १८९४ मध्ये व्वादिस्वाव्ह रोटर्ट या पोलिश शास्त्रज्ञानं ओटाच्या कोंबांवर सगळं नव्यानं करून पाहिलं आणि डार्विन बरोबर ठरले. शेंड्याखालचा भागही थोडाफार उजेड ओळखतो एवढी पुरवणी त्यानं जोडली.

आता खाली जातं ते काय? वीस वर्षं चाकूनं शोध चालला. १९०७ मध्ये हान्स फिटिंग यांनी कोंबाला एका बाजूनं छेद दिले. निरोप छेदाला वळसा घालून खाली पोचला. १९१० ते १९१३ या काळात डॅनिश शास्त्रज्ञ पेटर बॉयसेन येन्सेन यांनी शेंडा सरळ कापूनच काढला, बुंध्यावर जिलेटिनचा थर दिला आणि शेंडा परत वर बसवला. उजेड दाखवला तर बूड वाकलं. जिलेटिन हे काही जिवंत ऊतक नव्हे, तरी त्यातून निरोप गेला. मग त्यांनी अभ्रकाचा पातळ तुकडा छेदात सरकवला. तो उजेडाच्या बाजूला असेल तर कोंब वाकतो, सावलीच्या बाजूला असेल तर वाकत नाही. म्हणजे निरोप सावलीच्या अंगानं खाली उतरतो आणि तो वाढ रोखायचा नव्हे, वाढवायचा असतो. हंगेरीच्या आर्पाद पाल यांनी तर उजेडच वगळला. कापलेला शेंडा अंधारात बुंध्यावर जरा एका बाजूला सरकवून ठेवला. ज्या बाजूवर शेंडा, ती बाजू जास्त वाढली. १९१९ च्या आसपास त्यांनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की शेंडा वाढीचं काहीतरी सतत खाली सोडत असतो, सगळ्या बाजूंनी सारखं; उजेड फक्त त्या समतोलात गडबड करतो.

याच वर्षांत कोलकात्यात जगदीशचंद्र बोस वेगळ्या वाटेनं निघाले होते. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी आपली संस्था उघडली. झाडाची वाढ लाखो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे त्यांचं उपकरण पाहायला युरोपातले शास्त्रज्ञ गर्दी करत. फरीदपूरला खजुराचं एक कललेलं झाड संध्याकाळी, देवळात घंटा वाजायच्या वेळेस, माथा जमिनीकडे टेकवी आणि सकाळी पुन्हा उठे. लोक त्याची पूजा करू लागले होते. बोस यांनी त्याला उपकरण जोडलं आणि हा भक्तिभाव तापमानाच्या चढउताराचा आहे असं दाखवून दिलं. झाडांमध्ये निरोप मज्जातंतूंसारखा, विजेच्या रूपानं जातो यावर त्यांचा भर होता. लाजाळूच्या बाबतीत ते बरंचसं खरं निघालं. उजेडाकडे वाकणाऱ्या कोंबाच्या बाबतीत मात्र पारडं रसायनाकडे झुकलं, आणि त्याचा निकाल लागला नेदरलंड्समधल्या उत्रेख्त शहरात.

तिथल्या वनस्पतीशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक वेंट. त्यांचा मुलगा फ्रित्स त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट करत होता. १९२६ मध्ये त्याला सक्तीची लष्करी नोकरी चालू होती. दिवस सैन्याचा, रात्र ओटाची. खोली पूर्ण अंधारी, उष्णता आणि दमटपणा बांधून ठेवलेला, आणि काम करायला तांबडा दिवा. साक्स यांच्या वेळेपासून माहीत होतं की तांबड्या उजेडाकडे कोंब वळत नाहीत. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीसारखाच हा हिशेब. फ्रित्सची कल्पना अशी, की शेंड्यातून काही झिरपत असेल तर ते गोळा करता आलं पाहिजे. त्यानं शेंडे कापून अगरच्या, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या चायना ग्रासच्या, पातळ वडीवर ठेवले. काही वेळानं शेंडे फेकून दिले, वडीचे छोटे तुकडे पाडले आणि शेंडा नसलेल्या कोंबांच्या माथ्यावर एका कडेला ठेवले. खोलीत कुठलाही एकांगी उजेड नव्हता. शेंडाही नव्हता. तरी कोंब वाकले. साध्या अगरचा तुकडा ठेवलेले कोंब होते तिथंच राहिले.

१७ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास त्यानं हे पाहिलं आणि धावत आईवडिलांचं घर गाठलं. वाढीचं द्रव्य सापडलं, असं वडिलांना उठवून सांगितलं. प्राध्यापक महाशय अंथरुणातच कुशीवर वळले आणि म्हणाले की छान, उद्या पुन्हा करून बघ. खरं असेल तर पुन्हा येईल. ही आठवण फ्रित्स वेंटनी म्हातारपणी स्वतः लिहून ठेवली आहे. बापाच्या झोपाळू उत्तरात थंडपणा दिसतो खरा, पण पुढची चाळीस वर्षं पाहिली तर त्या प्रयोगशाळेत बोललं गेलेलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं.

फ्रित्सनं पुन्हा केलं, कितीतरी वेळा केलं, आणि नुसतं ‘वाकतं’ एवढ्यावर न थांबता मोजलं. अगरमध्ये जास्त शेंड्यांचा अर्क, तर कोन जास्त. एका मर्यादेपर्यंत हे प्रमाण सरळ होतं. दीड-दोन तासांनी कोंबांच्या सावल्या छायाचित्राच्या कागदावर उमटवायच्या आणि कोनमापकानं कोन मोजायचा. कुठल्याही अर्कात वाढीचं द्रव्य किती आहे, हे आता ओटाचा कोंब सांगू शकत होता. मग त्यानं एका बाजूनं उजेड दाखवलेले शेंडे पात्यानं विभागलेल्या अगरवर ठेवले. उजेडाकडच्या अर्ध्यापेक्षा सावलीकडच्या अर्ध्यात द्रव्य दुपटीच्या आसपास निघालं. डार्विननी मोघम ठेवलेल्या ‘प्रभावा’ला असं वजन आणि माप मिळालं. किव्हमध्ये निकोलाय खोलोदनी स्वतंत्रपणे याच विचाराला पोचले होते, म्हणून उपपत्तीला दोघांची नावं लागली.

द्रव्य सापडलं, पण ते आहे काय? हे काम त्याच विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ फ्रित्स क्योग्ल यांनी हाती घेतलं. शेंडे गोळा करून रसायन वेगळं काढायचं तर लाखो कोंब लागतील. त्यापेक्षा माणसाच्या लघवीत ते भरपूर सापडतं असं ओटाच्या चाचणीनं दाखवलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला क्योग्ल यांच्या चमूनं लघवीतून एक शुद्ध पदार्थ काढला आणि त्याला ऑक्झिन ए म्हटलं. पाठोपाठ मका-तेलातून ऑक्झिन बी. दोन्हींची रेणूरचना कागदावर सुबक मांडलेली. १९३४ मध्ये तिसरा पदार्थ निघाला, तो अगदीच सामान्य वाटणारा: इंडोल ॲसेटिक आम्ल. हे रसायन १८८५ पासून रसायनशास्त्रज्ञांच्या ओळखीचं होतं. त्याला ‘दुसरं ऑक्झिन’ असं दुय्यम नाव मिळालं. पाठ्यपुस्तकांत ए आणि बी मोठ्या अक्षरांत, तिसरं तळटीपेत.

गंमत, खरं तर शोकांतिका, ही की ए आणि बी कुणालाच पुन्हा मिळेनात. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जिथं म्हणून शोधलं तिथं प्रत्येक वेळी हाती लागलं ते तिसरंच. केनेथ थिमन यांना १९३५ मध्ये बुरशीतून तेच मिळालं, पुढे उच्च वनस्पतींतूनही तेच. उत्रेख्तमध्ये मूळ नमुन्यांच्या बाटल्या जपून ठेवलेल्या होत्या. १९६६ मध्ये त्या उघडून वस्तुमान-वर्णपटमापकावर तपासल्या, तेव्हा चिठ्ठीवर ऑक्झिनची नावं आणि आत भलतीच, कपाटातली रोजची रसायनं निघाली. ही चूक नव्हती, बनावट होती, असंच आज मानलं जातं. क्योग्ल १९५९ मध्येच वारले होते. त्यांचे सहकारी आरी हागेन-स्मिट मात्र त्याआधीच कॅलिफोर्नियात गेले होते आणि लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेत ओझोन कसा तयार होतो हे उलगडून वेगळ्याच कारणानं नावाजले गेले.

टोप्या, शाई आणि वाळूचा प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला गेला आणि टिकला. नावाजलेल्या प्रयोगशाळेतली सुबक सूत्रं तीस वर्षंही टिकली नाहीत. साक्स यांनी सराव आणि साधनं यांचा आग्रह धरला होता तो चुकीचा नव्हता. पण प्रयोगाची खरी परीक्षा थोरल्या वेंटनी अर्धवट झोपेत सांगितली तीच.

इंडोल ॲसेटिक आम्ल खरं ठरलं आणि मग त्याची कृत्रिम भावंडं कारखान्यांत तयार व्हायला लागली. डाळिंबाची गुटी बांधताना सालीचं कडं काढून मुळं फुटण्यासाठी जे आयबीए लावतात ते यातलंच. आंब्याचा मोहोर, मिरचीची फुलं, कपाशीची पात्या-बोंडं गळू नयेत म्हणून फवारतात ते एनएए यातलंच. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाती आलेलं टू-फोर-डी हेही वाढीचंच द्रव्य, फक्त इतक्या मात्रेत दिलेलं की रुंद पानाचं तण वेडंवाकडं वाढून मरतं. उसात फवारलेलं टू-फोर-डी वाऱ्यानं शेजारच्या कपाशीवर गेलं की पानं भेंडीसारखी चिरलेली दिसतात, आणि बांधावरून भांडण लागतं. त्या भांडणाचं मूळ ओटाच्या कोंबात आहे, हे दोन्ही शेतकऱ्यांना सांगून काही उपयोग नाही.

एक गाठ तरीही सुटायची होती. सावलीच्या बाजूला द्रव्य जास्त असतं ते का? उजेड आपल्या बाजूचं द्रव्य नष्ट करतो, की ते पलीकडे ढकलतो? १९५७ मध्ये विन्स्लो ब्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या शेंड्यांवर हे तपासलं. उजेडातल्या शेंड्यातून जेवढं द्रव्य निघतं तेवढंच अंधारातल्यातून. एकूण बेरीज बदलत नाही. मग शेंड्याच्या मधोमध काचेचा पातळ पडदा घातला. तो पूर्ण वरपर्यंत असेल तर दोन्ही बाजूंना सारखं, वर थोडी फट ठेवली तर सावलीकडे जास्त. म्हणजे द्रव्य नष्ट होत नाही, फटीतून पलीकडे जातं.

आणि उजेड ओळखणारा डोळा? तो सापडायला आणखी चाळीस वर्षं लागली, आणि तोही ब्रिग्ज यांच्याच प्रयोगशाळेत. १९८८ मध्ये वाटाण्याच्या कोंबांत एक प्रथिन दिसलं, जे निळा उजेड पडताच स्वतःवरच फॉस्फेट चढवून घेई. मग मोहरीच्या कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपाची अशी वाणं शोधली जी निळ्या उजेडाकडे वळायलाच तयार नव्हती. त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक १९९७ मध्ये हाती आलं, आणि ते त्याच प्रथिनाचं निघालं. त्याला फोटोट्रोपिन म्हणतात. ते पेशीच्या पडद्याला लागून बसतं, निळा उजेड टिपतं, आणि मग ऑक्झिन बाहेर सोडणाऱ्या प्रथिनांची पेशीतली मांडणी अशी बदलते की प्रवाह सावलीकडे वळतो. तिथं पेशींच्या भिंती सैल पडतात, पेशी लांबतात आणि कोंब वाकतो. ब्रिग्ज २०१९ मध्ये नव्वदीत वारले. एकाच प्रश्नाची दोन टोकं एकाच माणसानं चाळीस वर्षांच्या अंतरानं सोडवल्याची उदाहरणं विज्ञानात फार नाहीत.

पाठ्यपुस्तकं इथं थांबतात आणि शेजारी सूर्यफुलाचं चित्र छापतात. ते चित्र आता काढायला हवं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात स्टेसी हार्मर यांच्या गटानं शेतातल्या सूर्यफुलांवर बरीच वर्षं काम केलं. कोवळं सूर्यफूल दिवसा सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे वळतं आणि रात्रीत, सूर्य नसताना, पुन्हा पूर्वेला तोंड करून उभं राहतं. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की दिवसा देठाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते आणि रात्री पश्चिमेकडची, आणि यात द मेराँच्या लाजाळूत दिसलेलं ते आतलं घड्याळ कामाला असतं. फूल पक्व झालं की वळणं संपतं आणि ते कायमचं पूर्वेला तोंड करून राहतं. सकाळच्या उन्हात असं फूल लवकर तापतं आणि मुद्दाम पश्चिमेकडे फिरवून ठेवलेल्या फुलापेक्षा त्याच्याकडे पाचपट मधमाश्या येतात. सोलापूर-लातूरकडे भर फुलोऱ्यातल्या सूर्यफुलाच्या शेतात दुपारी कधीही गेलं तरी पक्व फुलांची पाठ पश्चिमेलाच दिसेल.

२०२३ मध्ये त्याच गटानं पुढचा तपास केला. सूर्यफुलाचं रोप खोलीत ठेवून एका बाजूनं निळा दिवा लावला तर फोटोट्रोपिनच्या वाटेवरची जनुकं अपेक्षेप्रमाणे जागी होतात. तेच रोप बाहेर उन्हात ठेवलं तर देठाच्या दोन बाजूंमध्ये या जनुकांचा तसा फरक आढळत नाही. निळा उजेड अडवून पाहिला, तांबडा अडवून पाहिला, तरी सूर्यफूल सूर्याच्या मागे वळतच राहिलं. डार्विनपासून ब्रिग्जपर्यंत जो रस्ता सापडला तो अंधाऱ्या खोलीतल्या कोंबाचा होता. उघड्या शेतातलं सूर्यफूल दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं, बहुधा एकाहून अधिक वाटांनी सूर्य ओळखतं, आणि ती वाट अजून कुणाला सापडलेली नाही.